१९१३ साली बाळाला पार्सलने पाठवलं होतं, हे खरं आहे का?

गौरी_ओहायो

नमस्कार. शंका माझ्या चौथीतल्या मुलाची आहे, मी फक्त इथे मांडते आहे.

आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो. आरवला शाळेसाठी आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या घटनेवर दोन पानं लिहायची आहेत. त्याने एक फोटो शोधून आणला. गणवेशातला पोस्टमन, खांद्याला टपालाची थैली आणि थैलीतून डोकं बाहेर काढलेलं गुटगुटीत बाळ. सोबत मजकूर असा की आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या बटेव्हिया गावाजवळून १९१३ साली एका बाळाला पार्सल पोस्टाने आजीकडे पाठवलं होतं, तेही तिकिटं लावून आणि विमा उतरवून.

नवरा म्हणतो, शुद्ध थाप आहे. मला मात्र ठामपणे तसं म्हणवेना. मी स्वतः सात वर्षांची असताना आईने मला इस्लामपूरच्या स्टँडवर एसटीत बसवून कंडक्टरच्या हवाली केलं होतं आणि सांगलीला मामा उतरवून घ्यायला उभे होते. माझ्याबरोबर मामींसाठी लोणच्याची बरणीही होती आणि दोघींची जबाबदारी कंडक्टरकाकांवर होती. त्या वेळी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर विचारायचं हे की, ही गोष्ट खरी का? खरी असेल तर कोणत्या नियमाने चाललं आणि बंद कसं झालं? आपल्याकडे टपालखात्यात असं काही घडलंय का? इथे टपालखात्यातले कुणी असतील तर जरूर लिहा.

मंदार_क

फोटो बनावट आहे, हे नक्की. पण इडाहो राज्यातली एक मुलगी खरंच गेली होती असं वाचलंय. तेव्हा अमेरिकेत कोंबडीची पिल्लं पोस्टाने पाठवता येत, म्हणून पोस्टमास्तरने तिला ‘पिल्लू’ म्हणून नोंदवलं आणि पिल्लांचा दर लावला. बाकी तपशील माहीत नाहीत.

पार्सलखिडकी

गौरी, बाळ खरं आहे आणि फोटो खोटा आहे. दोन्ही गोष्टी आरवला वेगवेगळ्या करून सांग.

मी टपालखात्यात ३१ वर्षं काढली. त्यातली १४ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर. मांजरपाटात शिवलेलं पार्सल, दाभणाचे टाके, टाक्यांवर लाखेची सीलं, मग काटा, मग तिकिटं, हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे जगात कुणी पोस्टाने काय काय पाठवलं, हे मी नोकरीत असल्यापासून गोळा करत आले. नियमपुस्तकात ‘अमुक पाठवू नये’ असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडायचा, हे पाठवायला कोण आलं होतं?

तो फोटो स्टुडिओत गंमत म्हणून काढलेला आहे. स्मिथ्सोनियनचं टपाल संग्रहालयही तेच सांगतं. थैलीत घालून कुणी बाळ नेलं नाही.

आता बाळाची गोष्ट. १ जानेवारी १९१३ पर्यंत अमेरिकेचं सरकारी टपालखातं चार पौंडांच्या वरचं पुडकं घेतच नव्हतं. त्याहून जड काही असलं की खाजगी एक्सप्रेस कंपन्यांकडे जायचं आणि ते मागतील ते मोजायचं. शेतावर राहणाऱ्या लोकांची त्यात फार अडवणूक व्हायची. त्या दिवशी पार्सल पोस्ट सुरू झालं, मर्यादा ११ पौंडांची, म्हणजे जेमतेम पाच किलो. लोक अक्षरशः तुटून पडले. अंडी पाठवली, लोणी पाठवलं. आणि त्याच महिन्यात तुमच्या भागातल्या ग्लेन एस्ट इथल्या बीगल नवरा-बायकोने आपलं तान्हं बाळ, जेम्स, गावच्या टपालवाहकाच्या हाती दिलं. वजन पावणेअकरा पौंड, मर्यादेत अगदी पाव पौंडाने बसणारं. तिकिटं १५ सेंटची, विमा ५० डॉलरचा. आजीचं घर मैलभर लांब होतं. वाहकाने बाळ नेऊन आजीच्या हातात दिलं.

इथे तुझा कंडक्टर आठव. हा टपालवाहक कुणी परका नव्हता. खेडोपाडी घरपोच टपाल १८९६ पासून सुरू झालं होतं आणि तोच माणूस रोज त्याच रस्त्याने, त्याच दारात येत होता. घरात कोण आजारी आहे, कुणाला मूल झालं, हे त्याला ठाऊक. आईबापाने बाळ खात्याला दिलं नाही, ओळखीच्या माणसाला दिलं. तिकिटं लावली कारण तो कामावर होता आणि ते त्याचं रीतसर देणं होतं. मी हे छातीठोकपणे म्हणते, कारण आमच्या पोस्टमन काकांवर बायका घराच्या किल्ल्या टाकून शेतावर जायच्या.

मंदार, आता तुझी इडाहोची मुलगी. तिचं नाव शार्लट मे पियरस्टॉर्फ, वय पाच. १९ फेब्रुवारी १९१४ ला ग्रेंजव्हिलहून लुइस्टनला आजीकडे गेली, ७३ मैल. तोवर वजनाची मर्यादा ५० पौंडांवर गेली होती आणि तिचं वजन भरलं साडेअठ्ठेचाळीस. आईचा चुलतभाऊ रेल्वेच्या टपालडब्यात कारकून होता. तो तिला डब्यात घेऊन गेला आणि उतरल्यावर स्वतः आजीच्या दारात पोचवून आला. तिच्या कोटावर ५३ सेंटची तिकिटं होती. रेल्वेच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडलं.

‘पिल्लांचा दर’ ही मात्र नंतर जोडलेली गोष्ट. अमेरिकेत एक दिवसाची पिल्लं टपालाने घ्यायला लागले १९१८ पासून. १९१४ मध्ये मधमाश्या आणि किडे सोडले तर जिवंत काहीही चालत नव्हतं. आणि मला सगळ्यात पटलेला पुरावा आकड्यांचा आहे. जवळच्या अंतराचा त्या वेळचा साधा पार्सल दर होता पहिल्या पौंडाला ५ सेंट आणि पुढच्या प्रत्येक पौंडाला १ सेंट. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे खिडकीवर एकोणपन्नास धरायचे. पहिल्याचे ५, उरलेल्या ४८ पौंडांचे ४८. झाले ५३. म्हणजे ती कुठल्याही खास दराने गेली नाही, एखाद्या बटाट्याच्या पोत्याला जो दर लागला असता त्याच दराने गेली. ज्याने ती तिकिटं लावली त्या कारकुनाने हिशोब चोख केला होता. हे गणित जुळलं त्या रात्री मला खूप आनंद झाला होता.

बंद कसं झालं, तर एका झटक्यात नाही. पार्सल पोस्ट सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाच कुणीतरी पोस्टमास्टर जनरलना पत्र लिहून बाळ पाठवायची रीत विचारली होती. त्यांचं उत्तर असं की जिवंत फक्त मधमाश्या आणि किडे चालतात, बाळ त्यात बसत नाही. तरी लोक पाठवत राहिले. शार्लटच्या प्रवासानंतर पुढचे पोस्टमास्टर जनरल बर्लसन यांनी माणसं घेऊ नका असं बजावलं. तरी १९१५ मध्ये सहा वर्षांची एक मुलगी फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून व्हर्जिनियात वडिलांकडे गेली, ७२० मैल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंटकीत मॉड स्मिथ ही तीन वर्षांची पोर आजोळाहून आजारी आईकडे पोचवली गेली, आणि त्याची चौकशी लागली. चौकशी करणारा अधिकारी रेल्वे टपालसेवेच्या सिनसिनाटी विभागाचा होता! गौरी, हे आरवला नक्की सांग, त्याच्या दोन पानांत ते शोभेल. नियमाविरुद्ध मूल टपालाच्या गाडीत घेतलंच कसं, असा जाब त्याने केनी नावाच्या गावच्या पोस्टमास्तरला विचारला. शेवटी १३ जून १९२० ला खात्याने निकाल दिला की मुलं ‘अन्नपाणी न लागणारे निरुपद्रवी जीव’ या सदरात धरता येणार नाहीत. म्हणजे तोवर कुणीतरी तसा अर्ज केला होता.

आणि विटांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. युटा राज्यात व्हर्नल नावाचं गाव आहे. १९१६ मध्ये तिथे बँकेची इमारत बांधायची होती आणि विटा हव्या होत्या सॉल्ट लेक सिटीच्या. बैलगाड्या-घोडागाड्यांनी आणायचा खर्च विटांच्या किमतीच्या कित्येक पट. कोल्थार्प नावाच्या व्यापाऱ्याने दरपत्रक वाचलं आणि विटा कागदात गुंडाळून पन्नास-पन्नास पौंडांच्या आतल्या पेट्या करून पोस्टात टाकल्या. एकदोन नाही, अख्ख्या इमारतीच्या, टनावारी. सरळ रेषेत गाव फार लांब नाही, पण टपालाचा रस्ता कोलोरॅडोत जाऊन अरुंद रुळांच्या रेल्वेने फिरून पुन्हा गाड्यांवरून यायचा, चारशे मैलांच्या वर. त्या वाटेवरच्या पोस्टांत काय झालं असेल याचा विचार केला की माझी कंबर दुखते. आंब्याच्या हंगामात चाळीस पेट्या एका दिवशी आल्या की आम्ही हात टेकायचो. खात्याने ताबडतोब नियम केला, एकाने एकाला एका दिवसात २०० पौंडांच्या वर पार्सलं पाठवायची नाहीत. इमारत मात्र पुरी झाली आणि अजून उभी आहे.

गौरी_ओहायो

काकू (काकू म्हटलं तर चालेल ना?), आरव तुमचं उत्तर दोनदा वाचून घेऊन बसलाय. ५३ चा हिशोब त्याने स्वतः पुन्हा केला. तो विचारतोय, पिल्लांना चालतं तर बाळाला का नाही, पिल्लांनाही भूक लागते ना? आणि भारतात मधमाश्या चालतात का?

चाळकरी_गिरगाव

पार्सलचं मला काही कळत नाही, पण ‘आपल्याकडे’ या प्रश्नावर एक गोष्ट सांगतो. टपालाचा हा वापर मुंबईतल्या कोणत्याही जुन्या भाडेकरूला विचारा, तो सांगेल.

आमचं घर पागडीचं. ऐंशीच्या दशकात मालकाने भाडं घेणं बंद केलं. आधी वाटलं, बरंच झालं. वडील म्हणाले, अरे, हा थकबाकी दाखवून घर खाली करायला लावणार. त्यांनी दर महिन्याच्या पाच तारखेला मालकाच्या नावाने भाड्याची मनीऑर्डर करायला सुरुवात केली. मालक घ्यायचा नाही. पोस्टमन फॉर्मवर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून सही करायचा आणि पैसे परत यायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच पैसे, तीच मनीऑर्डर. पैसे पोचावेत म्हणून नव्हे, परत यावेत म्हणून केलेली मनीऑर्डर! अकरा वर्षं. वडिलांनी ते सगळे परतीचे कागद तारखेवार सुतळीत ओवून ठेवले होते, आणि केस उभी राहिली तेव्हा वकिलाने तोच गठ्ठा कोर्टासमोर ठेवला. घर राहिलं.

नियमाच्या बाजूने सांगायचं तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलेला कागद पोचला असंच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून कुणी नोटीस नाकारली तरी सुटका नाही. याच्या उलट गत यूपीसीची (अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग) झाली. पत्र पोस्टात टाकल्याचा नुसता शिक्का मारून द्यायचे, पोस्टात त्याची नोंद राहायची नाही. लोक कंपन्यांच्या सभांच्या नोटिसांपासून सगळं यूपीसीने पाठवल्याचं दाखवू लागले. १९९४ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की असे शिक्के केव्हाही मिळवणं अवघड नाही. २०११ मध्ये ती सेवा बंदच झाली.

पार्सलखिडकी

गिरगावकर, तुमच्या वडिलांसारखे दोघे जण आमच्याकडेही दर महिन्याला यायचे. आम्ही त्यांना फॉर्म आधीच काढून ठेवायचो. त्या शेऱ्यावर पोस्टमनची सही आणि तारीख स्पष्ट हवी, यावर मी आमच्या माणसांशी भांडलेली आहे, कारण त्या एका ओळीवर कुणाचं तरी घर उभं असतं.

गौरी, काकू म्हण. आरवला सांग, पिल्लाने अंड्यातून बाहेर यायच्या आधी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते सुमारे ७२ तास काढतं, दाणापाणी लागत नाही. म्हणून नियम एक दिवसाच्याच पिल्लांचा आहे. नियम करणाऱ्याने अंडं नीट पाहिलं होतं. बाळाला तीन तासांनी दूध लागतं.

मधमाश्यांचं म्हणशील तर जागतिक टपाल संघाच्या नियमांतच मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना पत्रांच्या टपालात परवानगी आहे, पेटी नीट हवी. आपला १८९८ चा टपाल कायदा, जो जून २०२४ पर्यंत चालला, त्याच्या कलम १९ मध्ये शब्द असे होते की टपालातल्या वस्तूंना किंवा पोस्टाच्या माणसाला इजा होईल असा जिवंत प्राणी पाठवू नये. इजा होईल असा! सरसकट बंदी नाही. माझ्या खिडकीवर एकदा महाबळेश्वरकडचे एक मधपाळ आले. हातात काडेपेटीहून थोडी मोठी लाकडी डबी, एका बाजूला बारीक जाळी. आत राणीमाशी, तिची सेवा करायला पाच-सहा कामकरी माश्या आणि खायला साखरेचा घट्ट गोळा. मास्तरांनी वरच्या ऑफिसला फोन करून विचारलं आणि मग घेतली. डबी मेलबॅगेत जाईपर्यंत मी ती कानाला लावून दोनदा ऐकली. आठ दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, राणी पोचली, पोळ्याने स्वीकारली.

आणि माणसं? आपल्याकडे तर टपालाने माणसं नेणं हा कित्येक वर्षं खात्याचा उजळ माथ्याने केलेला व्यवहार होता. कंपनी सरकारच्या काळात, रेल्वे यायच्या आधी, लांब जायचं तर पोस्टमास्तरकडे काही दिवस आधी अर्ज करायचा आणि पैसे आगाऊ भरायचे. मग पोस्टमास्तर वाटेवरच्या टप्प्याटप्प्यावर भोई उभे करायचा. एका पालखीला साधारण आठ भोई, रात्रीसाठी दोन मशालजी आणि सामानाचे पेटारे कावडीने नेणारे दोन बांगीवाले. पार्सलांच्या टपालालाही तेव्हा बांगी टपालच म्हणत. एक टप्पा संपला की दुसरे भोई खांदा द्यायचे आणि साहेब झोपेतच पुढे जायचा. नियमही मजबूत होता. प्रवाशाने वाटेत उगाच खोळंबा केला तर त्याने आधी भरलेल्या अनामतीतून कापून घेत. उतरायला जी घरं बांधली ती डाक बंगले. नाव अजून चाललंय, पण त्यातला ‘डाक’ म्हणजे मुक्कामाला आलेलं माणूसच, हे आपण विसरलो. माझा जीव त्या भोयांत अडकतो. अनामत साहेबाची, खोळंबा साहेबाचा, आणि पावसात उभे राहणारे ते.

लंडनचीही एक आठवण यावरून निघते. तिथे टपालाच्या नियमांत अशी सोय होती की पोस्टाचा हरकाऱ्या एखाद्या माणसाला पत्त्यावर पोचवून देईल, मैलाला तीन पेनी. २३ फेब्रुवारी १९०९ ला बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या डेझी सॉलोमन आणि एल्स्पेथ मॅक्लेलँड या दोघींनी त्याचाच आधार घेतला. पंतप्रधान ॲस्क्विथ भेटत नव्हते, म्हणून दोघींनी स्वतःलाच डाउनिंग स्ट्रीटच्या पत्त्यावर पोस्ट केलं. हरकाऱ्या पोरगा त्यांना दारापर्यंत घेऊन गेला. आतल्या अधिकाऱ्याने पोच द्यायला नकार दिला आणि दोघींना परत जावं लागलं. गिरगावकर, तुमचाच ‘घेण्यास नकार’.

बेअरिंग पत्रांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते, कारण हे माझ्या आजीचं आहे. तिकीट न लावता पत्र टाकायचं, म्हणजे घेणाऱ्याने दुप्पट भरायचं. आम्ही त्याला नॉटपेड म्हणायचो. तेव्हाचा कायदा असा की घेणारा ते न फोडता परत करू शकत होता. माझे आजोबा गिरणीत होते. ते मुद्दाम नॉटपेड पत्र टाकायचे. पत्त्याच्या खाली एक रेघ असली तर सुखरूप आहे, दोन असल्या तर या महिन्यात पैसे येणार नाहीत. आजीला अक्षर येत नव्हतं, रेघा येत होत्या. ती पाकीट हातात घेऊन नीट बघायची आणि ‘नको’ म्हणून परत द्यायची. पोस्टमनला सगळं ठाऊक होतं. ते खात्याचं नुकसान होतं, हे मी नोकरीला लागल्यावर मला कळलं आणि फार वाईट वाटलं. पण आजीच्या हातात ते पाकीट जेवढा वेळ असायचं तेवढा वेळ मी तिचा चेहरा पाहिलेला आहे.

आरवला माझ्याकडून एक गणित. जेम्स बीगलचं वजन पावणेअकरा पौंड. दर तोच, शार्लटला लावलेला. १५ सेंट कसे झाले ते मला करून दाखव.

गौरी_ओहायो

काकू, केलं. पावणेअकराला अकरा का धरायचे, यावर अर्धा तास वाद घातला, मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांदूळ ठेवून स्वतःची खात्री करून घेतली. त्याने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

पहिला पौंड ५ सेंट. उरले १० पौंड, १० सेंट. एकूण १५. काकांनी बरोबर तिकिटं लावली होती.

शनिवारी ग्लेन एस्टला जातोय. तिथून मैलभर चालून बघायचं म्हणतोय.